ताप उतरला, मूठ मात्र वळेना

चिकुनगुन्याचा ताप आठवड्याभरात उतरतो. सांधे मात्र महिनोन्‌महिने धरून बसतात. त्यातही मनगटं, बोटं आणि घोटे. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढणाऱ्याची सकाळी मूठच वळली नाही, तर त्याचा धंदाच बसला. दुखणं नवं नाही म्हणा. १९७३ साली बार्शीत या रोगाची मोठी साथ येऊन गेली.

ताप गेल्यावरही सांधे का दुखतात, यावर तज्ज्ञांत दोन तट आहेत. एकांच्या मते विषाणूचे अवशेष सांध्याच्या अस्तरात दडून राहतात. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या एका रुग्णाच्या अस्तरात दीड वर्षानंतरही विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय अंश, सापडला होता. दुसरे म्हणतात, विषाणू केव्हाच गेला, प्रतिकारशक्तीच शांत व्हायला तयार नाही. कोलंबियात ३८ रुग्णांच्या सांध्यांतलं पाणी काढून तपासलं, त्यात विषाणू मिळाला नाही. मला दुसरी बाजू जड वाटते. पण पाण्यात नाही म्हणून अस्तरातही नसेल, असं छातीठोक म्हणता येत नाही.

हा वाद नुसता पुस्तकी नाही. विषाणू जिवंत असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचं कसं? क्लोरोक्वीन परीक्षानळीत विषाणूला रोखतं, म्हणून २००६ मध्ये रियुनियनमध्ये तापातल्या रुग्णांना देऊन पाहिलं. फायदा झाला नाहीच, उलट २०० दिवसांनी ते घेतलेल्यांचीच सांधेदुखीची तक्रार जास्त निघाली. पुढे केरळात, दुखणं जुनाट झालेल्यांवर मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलझीन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी तीन औषधं एकत्र वापरली. एकट्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनपेक्षा त्यांचा गुण चांगला आला. चाचणी लहान होती आणि कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. मध्येमध्ये रक्त आणि लिव्हर तपासावं लागतं. अँटीबॉडीची तपासणी मात्र परत परत करण्यात पैसे घालवू नयेत, ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येऊ शकते.

निर्गुडीच्या पाल्याचा शेक घ्यायला हरकत नाही. भीती आहे ती बिननावाच्या पुड्यांची. दोन दिवसांत माणूस पळायला लागला, तर आत स्टेरॉईड मिसळलेलं असण्याची शंका घ्यावी. अशी पुडी बरेच दिवस पोटात गेली असेल तर एकदम बंद न करता ती घेऊनच डॉक्टरांकडे जावं.