पोटाची चरबी आणि जागी राहिलेली चेतासंस्था

"कुंदा सोडला, लोणचं सोडलं, तरी बीपी उतरेना!" बेळगाव-खानापूर भागात हे गाऱ्हाणं घरोघरी ऐकू येतं. दोष मिठाला नि तेलाला जातो. पोटावरच्या चरबीचं थेट मेंदूशी बोलणं चालतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिनचं जनुक शोधलं. हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून निघतं आणि साठा पुरेसा आहे, असं मेंदूला कळवतं. लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असतं, तरी भूक आवरत नाही. पण अनुकंपी चेतासंस्थेला चेतवण्याचं त्याचं काम चालूच राहतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. संकटात नाडी वाढवणारी, रक्तवाहिन्या आवळणारी हीच ती संस्था. तिचे धागे मूत्रपिंडापर्यंत जातात. तिथे रेनिन नावाचं द्रव्य सुटतं, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि रक्तदाब चढतो.

हे प्रत्यक्ष मोजता येतं. गुडघ्याजवळ, पायाच्या बाहेरच्या अंगाला एक नस (रक्तवाहिनी नव्हे, मेंदूचे संदेश नेणारी चेतातंतूंची दोरी) कातडीखालून जाते. तिच्यात केसासारखी बारीक सुई घालून संदेशांचे झटके ऐकायचे, ही पद्धत स्वीडनमधल्या उपसाला इथे हागबार्थ आणि वाल्बो यांनी 1960 च्या दशकात बसवली. लठ्ठ माणसं शांत पडून असतानाही हे झटके जास्त आढळतात, रक्तदाब अजून वाढलेला नसला तरीही. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते: बीपीचा आकडा बिघडण्याआधीच नसा कामाला लागलेल्या असतात.

साखरेचंही तेच. स्नायूंच्या रक्तवाहिन्या आवळल्या की तिथे साखर कमी पोचते. शरीर जास्त इन्सुलिन सोडतं, आणि ते इन्सुलिन पुन्हा याच संस्थेला चेतवतं.

रात्री तर आणखी भर पडते. लग्नघरात माडीवर ओळीनं अंथरुणं पडली, की एखाद्या मामांचं घोरणं मध्येच थांबतं. पंधरा-वीस सेकंद श्वास नाही, मग दचकून मोठा श्वास. "दमलेत बिचारे, गाढ झोपलेत," म्हणून सगळे सोडून देतात. खरं तर त्या वेळी रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मानेतल्या धमनीजवळचा चिमुकला अवयव ते टिपतो आणि रक्तदाब उसळतो. झोपलेल्याला याचा पत्ता नसतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना मामींनी सोबत जावं आणि हे थांबणं सांगावं. झोपेची तपासणी करता येते, उपचारही आहेत.

आपल्याकडे पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटीमीटरच्या पुढची कंबर धोक्याची धरतात. खाणं आवरून वजन उतरवलं, की सुईनं मोजलेले ते झटकेही कमी होतात.