पार्श्वभूमी : साथ, मथळे आणि ‘संशयित’

साथीच्या बातमीने मुंबई रिकामी होणे नवे नाही. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि काही महिन्यांत लाखोंनी शहर सोडले. त्या ऑक्टोबरात आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. तिथे नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, ही वदंता तोंडोतोंडीच पसरली होती. १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने सुरतेहून माणसे गाड्या भरभरून आली, तेव्हा औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक संपले.

वाहिन्यांचा खरा काळ २००९ चा. ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूने पहिला मृत्यू झाला आणि पडद्याखालच्या पट्टीवर आकडे धावू लागले. त्यात ‘संशयित’ या शब्दाने फार नुकसान केले. डॉक्टरांच्या लेखी संशयित म्हणजे लक्षणे आहेत, तपासणी व्हायची आहे. मराठी वाचकाला मात्र हा शब्द पोलिसांच्या बातमीतून माहीत: संशयित ताब्यात, संशयित फरार. त्यामुळे नमुना न देता घरी गेलेला माणूस ‘पळालेला’ ठरतो आणि चाळीत त्याच्या दारावरून कुणी जाईना होते. संशयित आणि बाधित एकाच बेरजेत घातले, की आकडा फुगतो. पुढे अहवाल निगेटिव्ह आला तर त्याचा मथळा होत नाही.

ऑगस्ट हा मुंबईत तसाही तापाचा महिना. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. पण त्या वर्षी साधा ताप आलेलेही त्याच आर्थर रोडच्या रुग्णालयाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहिले, तोंडाला रुमाल, हातात कापूर-वेलचीची पुरचुंडी. लागण नसलेले लागण झालेल्यांना खेटून उभे होते, हे घबराटीचे सर्वांत वाईट फळ.

शाळा आठवडाभर आणि चित्रपटगृहे तीन दिवस बंद ठेवण्याच्या निर्णयावर तेव्हाच वाद झाला. संसर्गाची साखळी तुटेल हा युक्तिवाद होता, पण लोकल खचाखच भरून धावतच होत्या. बंद फाटकांची दृश्ये दिवसभर दाखवल्यावर लोकांनी एकच अर्थ काढला: आता आपले काही खरे नाही.

१४ एप्रिल २०२० ला टाळेबंदी वाढल्याच्या दिवशी वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले. मजुरांसाठी विशेष गाड्यांच्या प्रस्तावाची बातमी देऊन ही गर्दी जमवल्याच्या आरोपावरून एका पत्रकाराला अटक झाली, नंतर जामीन मिळाला. बातमीपेक्षा संपलेला शिधा आणि थकलेली मजुरी ही गर्दीची मोठी कारणे होती, असे मजुरांसोबत काम करणारे तेव्हा सांगत होते.