त्रिमितीय टीव्ही

डाव्या आणि उजव्या डोळ्याला किंचित निराळी चित्रे दाखवून सपाट पडद्यावर लांबी-रुंदीसोबत खोलीचाही भास घडवणारा दूरचित्रवाणी संच. बोलीत ‘थ्रीडी टीव्ही’. माणसाच्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दृश्य थोडे वेगळे दिसते आणि त्या फरकावरून मेंदू जवळ-लांबचा अंदाज बांधतो. घरगुती संच २०१० पासून मोठ्या प्रमाणावर विकले जाऊ लागले. सॅमसंगने २०१६ मध्ये, तर एलजी व सोनी यांनी २०१७ मध्ये नव्या मॉडेलांतून ही सोय काढली. आज असा संच घ्यायचा म्हणजे बहुधा वापरलेलाच घ्यायचा, त्यामुळे नीट पारखूनच घ्यावा लागतो.

या संचांचा खरा भेद चष्म्यात आहे. ‘ॲक्टिव्ह’ प्रकारात चष्म्याच्या काचा बॅटरीवर चालतात. पडदा डाव्या-उजव्या डोळ्याचे चित्र आळीपाळीने दाखवतो आणि त्याच तालात एकेक काच काळी होते. हा ताल संचाकडून इन्फ्रारेड किंवा ब्लूटूथने येतो, म्हणून एका कंपनीचा चष्मा दुसऱ्या कंपनीच्या संचावर चालेलच असे नाही. प्रत्येक डोळ्याला पूर्ण १०८० ओळी मिळतात, पण उजेड निम्म्याहून कमी होतो. खोलीत जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट असेल तर तीही लुकलुकताना दिसते: ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा मंदावते आणि काचेचा ६० चा ताल तिच्याशी जुळत नाही. दिवा बंद करणे हाच सोपा उपाय.

‘पॅसिव्ह’ प्रकारात चष्मा साधा, हलका व स्वस्त असतो. बॅटरी लागत नाही. पडद्यावरच्या पातळ पट्ट्यांमुळे एकाआड एक ओळींचा प्रकाश उलटसुलट दिशेने वर्तुळाकार ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपने एका ओळीत घड्याळाच्या दिशेने तर पुढच्या ओळीत उलट दिशेने फिरतात, आणि प्रत्येक काच आपल्या वाट्याच्याच ओळी आत सोडते. म्हणून १०८० ओळींच्या संचावर एका डोळ्याला ५४० ओळीच मिळतात; जवळ बसल्यास अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. ४के, म्हणजे २१६० ओळींच्या, पॅसिव्ह संचात मात्र वाट्याला पूर्ण १०८० ओळी येतात. घरासाठी असा संच मिळाला तर तोच घ्यावा. चित्राची स्पष्टता आणि चष्म्याचा हलकेपणा इतके चांगले एकत्र जमलेले दुसरीकडे सापडत नाही.

पॅसिव्ह संच लावताना उंचीची चूक हमखास होते. ध्रुवक पट्ट्या बिंदूंच्या किंचित पुढे असतात. खालून किंवा वरून पाहिल्यास एका ओळीचा प्रकाश शेजारच्या पट्टीतून निघतो आणि चित्र दुहेरी होते. हॉलमध्ये टीव्ही उंच टांगलेला असला, की सोफ्यावरच्यांना चित्र स्वच्छ आणि खाली सतरंजीवर बसलेल्या मुलांना भुताटकी, असे होते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत ठेवावा. अंतर पडद्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट असावे. ५५ इंची संचासाठी ते दोन मीटर होते.

वापरलेला संच तपासताना स्वतःची थ्रीडी फाइल पेनड्राइव्हवर न्यावी. काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरे लावून एकेक डोळा मिटून पाहावे. उघड्या डोळ्याला दुसऱ्याच्या चित्राची फिकट सावली दिसली तर ती गळती होय. ॲक्टिव्ह एलसीडी संचात ती बऱ्याचदा वरच्या-खालच्या कडांजवळ जास्त असते आणि पडदा तापल्यावर कमी होते. म्हणून निकाल वीस मिनिटांनंतर द्यावा. चष्मे किती मिळतात, चार्ज होतात का, हे तिथेच पाहावे. पॅसिव्ह संचावर वर्तुळाकार ध्रुवणाचे सिनेमागृहातले चष्मे चालतात. रंगगाळणीचे, म्हणजे रंगांवरून दोन चित्रे वेगळी करणारे, चालत नाहीत.

चांगले चित्र थ्रीडी ब्लू-रे डिस्कवरूनच मिळते. बऱ्याच डिस्क जगाच्या ठरावीक विभागाच्या प्लेयरवरच चालतात, आणि भारत ‘सी’ विभागात येतो, तेव्हा डिस्कवरचा विभाग वाचून घ्यावा. ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रेच्या मानकात थ्रीडी नाही. त्या प्लेयरमध्ये थ्रीडी डिस्क चालते का, ते वेगळे विचारावे. डिस्कवरून दोन पूर्ण चित्रे एकावर एक रचून १९२० बाय २२०५ बिंदूंची एकच चौकट येते. प्लेयर आणि टीव्ही यांच्यामधला आवाजाचा ॲम्प्लिफायर एचडीएमआय (चित्र व आवाज एकाच तारेतून नेणारी जोडणी) १.४ च्या आधीचा असेल तर अशी चौकट पुढे जात नाही आणि पडदा काळा राहतो. अशा वेळी प्लेयर थेट टीव्हीला जोडून आवाज ऑप्टिकल तारेने ॲम्प्लिफायरला द्यावा. फाइल लावल्यावर दोन चित्रे शेजारी-शेजारी दिसली तर तो संचाचा दोष नव्हे. रिमोटवरून ‘साइड बाय साइड’ हा पर्याय निवडावा. खोली उलटी, म्हणजे पुढचे मागे गेल्यासारखी वाटली तर डाव्या-उजव्याची अदलाबदल करावी.