अर्ध्या शून्यावरून धावणारी गाडी

खेळण्यातल्या आगगाडीची गोष्ट सुरू होते ती भातुकलीपासून. नैर्ऋत्य जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावात थिओडोर मेर्कलिन या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने १८५९ साली बाहुलीघरासाठी चिमुकली भांडीकुंडी बनवायला घेतली. माल घेऊन गावोगाव हिंडायची ती त्याची बायको कॅरोलिन. बाईने एकटीने फिरतीवर जाऊन धंदा करायचा, हे तेव्हा जर्मनीतही नवलाचंच. ती थेट स्वित्झर्लंडपर्यंत जाऊन ऑर्डरी आणायची. १८६६ मध्ये थिओडोर गेला. कॅरोलिनने कारखाना तगवून धरला आणि १८८८ साली मुलांनी तो हाती घेतला.

भातुकलीच्या धंद्याची एक खुबी आहे. ती कधी पूर्ण होत नाही. आज चूल आणली की उद्या तवा हवा, मग पोळपाट-लाटणं, मग पाटा-वरवंटा. मेर्कलिन बंधूंनी हीच खुबी आगगाडीला लावली. चावीच्या गाड्या बाजारात आधीही होत्या, पण एकदा घेतली की संपलं. १८९१ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत या भावांनी मांडली ती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वळणारी गाडी, सुट्या रुळांचे तुकडे एकमेकांत अडकवून केलेली. रूळ वाढवता येतील, सांधा बसवून दुसरी लाइन काढता येईल, पुढच्या नाताळला स्टेशन घेता येईल, त्याच्या पुढच्या नाताळला पूल. शिवाय दोन रुळांमधल्या अंतराला त्यांनी आकडे दिले. एक नंबर म्हणजे ४५ मिलिमीटर. दोन आणि तीन त्याहून मोठे.

मोजणी एकपासून सुरू केल्यामुळे पुढे गंमत झाली. घरं लहान होत गेली, तशी गाडीही लहान करावी लागली. एकाहून लहान म्हणून ३२ मिलिमीटरच्या रुळाला ‘शून्य’ म्हटलं. मग तेही मोठं वाटायला लागलं, तेव्हा त्याच्या निम्मं करून नाव पडलं अर्धा शून्य, जर्मनमध्ये ‘हाल्ब नुल’. गणिताच्या मास्तरांनी कपाळावर हात मारावा असं हे नाव, पण आज जगात सगळ्यात जास्त चालतं ते हेच. आपण त्याला इंग्रजी अक्षरं वाचून ‘एचओ’ म्हणतो. प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. १९३५ मध्ये न्युरेंबर्गच्या ट्रिक्स आणि मेर्कलिन या दोन्ही कंपन्यांनी या मापाच्या विजेवरच्या गाड्या बाजारात आणल्या, आणि जेवणाच्या टेबलावर मावणारी रेल्वे मध्यमवर्गीय घरात शिरली.

या छंदाला ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा’ म्हणतात तेव्हा भावनेचा भाग जास्त सांगितला जातो. माझ्या मते खरं श्रेय या मापाला आहे. आजोबांचा कॅमेरा नातवाकडे आला तरी त्यात घालायला फिल्म शोधत फिरावं लागतं. आजोबांचं १९५० च्या दशकातलं मेर्कलिन इंजिन मात्र माळ्यावरून काढून, आसाला थेंबभर तेल देऊन, कंपनीच्या आजच्या रुळांवर ठेवलं तर बहुधा चालतं. अर्थात इथेही घराणी आहेत. मेर्कलिन रुळांच्या मधून वेगळा संपर्क घेऊन एसी वीज वापरत आलं. बाकीचं जग दोन रूळ आणि डीसीवाल्यांचं. एका घराण्याचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर ठेवलं तर नुसतं बसून राहतं, नाहीतर शॉर्ट सर्किट करतं. पण घराण्याच्या आत वारसा सांभाळला जातो.

बाप-लेकाचं चित्र रंगवलं ते मात्र अमेरिकेने, आणि तेही माल खपवायला. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायोनेल कोवेनने १९०० मध्ये कंपनी काढली. त्याची पहिली विजेची गाडी खेळणं नव्हतीच. दुकानाच्या काचेआड फिरत राहून गिऱ्हाईक खेचावं म्हणून केलेली ती एक युक्ती होती. गिऱ्हाईक आलं, पण दुकानातला माल सोडून काचेतली गाडीच मागू लागलं. पुढे लायोनेलच्या जाहिराती वर्षानुवर्षं एकच सूर लावत राहिल्या: मुलाला गाडी घेऊन द्या, म्हणजे तो तुमचा सोबती होईल. पोरासाठी आणलेली गाडी बापच जास्त वेळ चालवतो, हे जाहिरात लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार. १९३४ च्या मंदीत कंपनी बुडायच्या बेतात असताना मिकी माउसची एक डॉलरची, रुळांवरून धावणारी खेळण्यातली ट्रॉली अडीच लाखांवर खपली.

या चित्रात मुली कुठे होत्या? १९५७ मध्ये लायोनेलला त्यांची आठवण झाली आणि कंपनीने गुलाबी इंजिनाचा, फिक्या रंगांच्या डब्यांचा खास मुलींचा संच काढला. तो सपशेल पडला. मुलींना गुलाबी नव्हे, खऱ्यासारखं काळं इंजिन हवं होतं, असं याचं कारण सांगतात आणि मला ते पटतं. भातुकलीतून निघालेला, एका बाईने दारोदार फिरून उभा केलेला धंदा शंभर वर्षांत इतका ‘पोरांचा’ होऊन बसला होता की मुलींसाठी वेगळा रंग काढावा लागला. तो पडलेला संच आज संग्राहक भरपूर पैसे मोजून घेतात, ही आणखी एक गंमत.

मोठ्यांनी हा छंद स्वतःचा म्हणून उघडपणे मिरवला तो १९३० च्या दशकात. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातून १९३४ साली ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तिथेच छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिने सगळ्यात आधी हात घातला तो मापांच्या नियमांना: चाकांची जाडी किती, सांध्यातली फट किती. एका कंपनीचा डबा दुसऱ्याच्या रुळावर घसरू नये, एवढाच हेतू.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठात १९४६ साली विद्यार्थ्यांनी असाच क्लब काढला. तिथे दोन तट होते. एकांना डोंगर, घरं, इंजिनांचे रंग यांचं वेड. दुसरे टेबलाखाली शिरून टेलिफोन कंपनीचे टाकाऊ रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडत बसत. ‘हॅकिंग’ शब्दाला आजचा अर्थ यायला लागला तो या टेबलाखालच्या मंडळींत. घरातही हे दोन तट पडतात, आणि ते बरंच असतं. आजीला वायर कळली नाही तरी रंगवलेल्या भुश्याचं गवत ती नातवापेक्षा चांगलं पसरते.

मराठी घराला हे अपरिचित नाही. दिवाळीच्या सुट्टीत दगडमातीचा किल्ला रचायचा, अळीव पेरून त्यावर हिरवळ उगवायची, मावळे मांडायचे. बुरूज ढासळला की काका येऊन पोत्याचा आधार कसा द्यायचा ते दाखवणार. गणपतीच्या आराशीत मोटर लावून हलते देखावे करणारे हातही याच जातीचे. जर्मनीत आणि अमेरिकेत कितीतरी घरी रेल्वेसुद्धा अशीच सणापुरती निघते: नाताळच्या झाडाभोवती मांडायची, सण सरला की खोक्यात.

मग आपल्याकडे हा छंद का रुजला नाही? १९९१ पूर्वीच्या आयात निर्बंधांत परदेशी खेळणी सरळ दुकानातून मिळणं अवघडच. कुणाचा मामा जर्मनीहून येताना आणेल तो संच, आणि तो शोकेसमध्ये कुलपात. विजेच्या रेल्वेऐवजी आपल्या वाट्याला आली चावीची पत्र्याची गाडी.

म्हणून पुण्याच्या भाऊ जोशींचं काम उठून दिसतं. लहानपणापासूनच्या वेडापायी त्यांनी चालत्या गाड्यांचं एक अख्खं शहर उभारलं, आणि १९९८ साली कोथरूडमध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. सिग्नल पडतात, गाड्या एकमेकींना वाट देतात, खोलीत अंधार करून रात्र केली की घराघरात दिवे लागतात. त्यांच्यामागे घरच्यांनीच ते चालू ठेवलं. तिथल्या बाकांवर नातवाला घेऊन आलेले आजोबा पाहावेत. पहिली शिट्टी होताच पुढे झुकतं ते बहुतेकदा पोर नसतं.

हॅम्बुर्गमध्ये ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये याच कल्पनेला अवाढव्य रूप दिलं. झुरिकमधल्या एका रेल्वेच्या दुकानात जुनं वेड पुन्हा उफाळून आलं, एवढंच निमित्त. तिथे दर पंधरा मिनिटांनी रात्र होते, आणि आजवर दोन कोटींहून जास्त लोकांनी ती पाहिली आहे. गायक नील यंगची वाट अधिक खासगी. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी. त्याला स्वतः गाडी चालवता यावी म्हणून यंगने मोठ्या बटणाची नियंत्रणं तयार करवली, आणि त्या नादात १९९५ मध्ये तो लायोनेल कंपनीचा भागीदारच झाला.

दरम्यान मूळ मेर्कलिनची अवस्था वाईट होती. मुलं पडद्याकडे वळली, गिऱ्हाईक म्हातारं होत चाललं, आणि २००९ मध्ये, स्थापनेच्या दीडशेव्या वर्षातच, कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २०१३ साली ती विकत घेतली ती झीबर या बाप-लेकाच्या खेळणी उद्योगाने.

आपल्याकडे आता भारतीय इंजिनांची मॉडेलं करणारी तरुण मंडळी दिसतात. कुणी पुठ्ठ्यातून डब्लूडीएम-२ हे डिझेल इंजिन कापतो, कुणी थ्रीडी प्रिंटरवर डबे काढतो. त्यांची अडचण वेगळीच आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, युरोपातली १,४३५ ची. १:८७ प्रमाणाने आपल्या गाडीला जवळपास १९.३ मिलिमीटर रुंदीचे रूळ हवेत, बाजारात मिळतात १६.५ चे. खरेपणा हवा तर प्रत्येक रूळ आणि प्रत्येक सांधा हाताने घडवावा लागतो, आणि मग त्या लाइनवर दुसऱ्या कुणाचीच गाडी चालत नाही. जवळजवळ तीन मिलिमीटरची ही चूक बहुतेक जण पोटात घालतात. डेक्कन क्वीनच्या रंगातले डबे जर्मन मापाच्या रुळावरून जरा अरुंद पावलांनी धावतात, आणि मामाने आणलेला शोकेसमधला संच दोन रुळांचा असेल, तर त्याचे रूळही त्याच लाइनला जोडता येतात.