दीड फ्रेमचं म्हातारपण

"काका, दिसत नाही का तुम्हाला?"

मी ३६ वर्षांचा, चष्म्याचा नंबर महिन्याभरापूर्वीच तपासून आणलेला. परळला मित्राच्या घरी 'स्ट्रीट फायटर ६' हा मारामारीचा व्हिडिओ गेम लावला होता आणि कंट्रोलर घेऊन त्याचा बारावीतला भाचा मांडी ठोकून बसला होता. त्याचा गडी अधूनमधून अंगातून रंगांचे फटकारे उडवत एक संथ, ठसठशीत वार करायचा. या वाराला ड्राइव्ह इम्पॅक्ट म्हणतात. तो परतवायचा तर आपणही तोच वार करायचा, बस. मला तो दिसत होता. येतोय हेही कळत होतं. अंगठा मात्र हलायचा तो माझा गडी भिंतीवर आपटून झाल्यावर.

खरी चीड याची, की आदल्याच रात्री घरी सराव करताना हाच वार मी दहापैकी नऊ वेळा परतवला होता.

या खेळात काळ फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रात मोजतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलीसेकंदांची. हलका ठोसा चारेक फ्रेममध्ये लागतो, पकड पाच फ्रेममध्ये. तेवढ्यात बघून काही करणं कुणाच्या बापाला शक्य नाही. ड्राइव्ह इम्पॅक्ट मात्र २६ फ्रेम घेतो, म्हणजे ४३३ मिलीसेकंद. दिवा लागला की बटण दाबायचं, एवढ्याच कामाला निरोगी माणसाला २०० ते २५० मिलीसेकंद लागतात. माझ्या हातात जवळजवळ दुप्पट वेळ होता. तो गेला कुठे?

पहिला संशय अर्थातच वयावर. अमेरिकेत बाल्टिमोरला १७ ते ९६ वर्षांच्या हजाराहून जास्त लोकांच्या प्रतिसादाचा वेळ मोजला गेला आणि १९९४ साली निष्कर्ष आले. विशीनंतर साध्या प्रतिसादाला दर वर्षी अर्धा मिलीसेकंद जास्त लागतो. काही आवाजांना दाबायचं आणि काहींना नाही, अशी निवड करायची असेल तर वर्षाला १.६ मिलीसेकंद. माझ्या सोळा वर्षांचा हिशोब केला: साध्या कामात आठ, निवडीच्या कामात पंचवीस-सव्वीस मिलीसेकंद. दीड फ्रेम. केस पांढरे होणं, गुडघा बोलणं वगैरे सगळं धरून माझं म्हातारपण खेळात दीड फ्रेमचं निघालं.

यापेक्षा जास्त वेळ टीव्ही खातो. गेम मोड (हा उशीर कमी करणारी टीव्हीतली सोय) बंद असेल तर चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात काही टीव्ही १०० मिलीसेकंदांपर्यंत उशीर करतात, म्हणजे सहा फ्रेम. मित्राच्या टीव्हीवर तो मोड बंदच होता. (भाचाही त्याच टीव्हीवर खेळत होता, त्यामुळे ही सबब तिथे चालली नाही.) ऑनलाइन खेळायचं तर आणखी निराळं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर. तिथल्या गड्याने बटण दाबल्याची बातमी समुद्राखालून वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागेपर्यंत एका फ्रेमहून जास्त वेळ गेलेला असतो, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते.

वयाबद्दल आणखी एक अभ्यास गेम खेळणाऱ्या मंडळींमध्ये हमखास तोंडावर मारला जातो. २०१४ साली 'स्टारक्राफ्ट २' या व्हिडिओ गेमच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि पडद्यावर नवं काही दिसल्यापासून पहिली कृती करेपर्यंतचा वेळ चोविसाव्या वर्षापासूनच वाढू लागतो असं आढळलं. चोवीस! आपल्याकडे त्या वयात पोराला घरात धड कमावता समजत नाहीत. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग कुणी सांगत नाही. वयाने मोठे खेळाडू शॉर्टकट जास्त वापरून आणि कामं सोपी करून ही कसर काही अंशी भरून काढत असावेत, अशी चिन्हंही त्यात दिसली होती.

माझ्या हरवलेल्या वेळाचा पत्ता खरं तर त्याहून जुन्या प्रयोगात आहे. १९५२ साली विल्यम हिक यांनी दहा दिवे आणि दहा कळा घेऊन दाखवलं, की संभाव्य पर्याय वाढले की प्रतिसादाचा वेळ वाढतो. पर्याय दुप्पट झाले, की वेळात साधारण एक ठरावीक भर पडते. आता माझा सराव बघा. घरी समोरचा बाहुला फक्त ड्राइव्ह इम्पॅक्ट करत होता. एक दिवा, एक कळ. परळला तो पोरगा उडी मारेल का, खालून लाथ घालेल का, धरेल का, लांबून गोळा फेकेल का, या सगळ्या दिव्यांकडे मी एकदम बघत होतो. म्हणजे घरी मी जे घोटलं ते मुळात वेगळंच काम होतं.

त्यात भर १९७९ च्या शी आणि मॉर्गन यांच्या प्रयोगाची. हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली काहींनी एकेक करून घोटल्या, काहींनी सरमिसळ करून. सरावाच्या वेळी पहिले पुढे होते; नंतर परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळवाले पुढे. माझे दहापैकी नऊ हे त्या पहिल्या गटाचे मार्क. तेव्हापासून मी बाहुल्याला पाच-सहा चाली शिकवून त्या कशाही क्रमाने करायला लावतो. दहापैकी चार येतात आणि जीव नकोसा होतो.

एवढ्यानेही भाच्याची बरोबरी होत नाही, कारण तो मुळात दिवे बघतच नाही. हे कळायला लोकलचा नेहमीचा प्रवासी बघावा. ठाण्याला कोण उतरणार हे त्याला मुलुंड यायच्या आधी माहीत असतं. कुणाची नजर रॅकवरच्या बॅगेकडे गेली, कुणी इअरफोन गुंडाळला, कुणाचा पाय सीटखालची चप्पल चाचपतोय. नवखा माणूस सीट रिकामी झाल्यावर धावतो आणि उभाच राहतो. दोघांच्या डोळ्यांत फरक नाही, पायांतही नाही. फलंदाजाचंही तेच. लँड आणि मॅक्लिऑड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा चेंडू टप्पा घेण्याआधीच त्यांचे डोळे टप्प्याच्या जागी जाऊन थांबलेले दिसले. ज्याचा खेळ सरस त्याची नजर लवकर उडी मारायची. मारामारीच्या गेममधला सर्वांत गाजलेला क्षण म्हणजे २००४ च्या इव्हो या गेमिंग स्पर्धेत दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगचे सलग १५ फटके परतवले तो. लोक त्याला विजेच्या चपळाईचं उदाहरण म्हणतात. पण पहिला फटका अडवायचा तर वाँग कधी सुटणार याचा अंदाज आधीच बांधावा लागतो.

हे अंदाज हरून हरूनच जमतात. आमच्या लहानपणी गल्लीतल्या पार्लरमध्ये 'आडुकेन' (गोळा फेकताना गेममधला गडी ओरडतो तो शब्द) ओरडत जे नाणी उडवायचे त्यांनी ते तेव्हाच जमवले. मी बघ्यांत उभा असायचो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने 'स्ट्रीट फायटर ५' चं सुवर्ण घेतलं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. माझ्यासारखे त्याचं नाव फार घेतात. घेऊ नये. तो पोरवयापासून खेळणारा आहे. ४४ व्या वर्षी जिंकता येतं हे त्याने दाखवलं, ३६ व्या वर्षी शून्यातून सुरुवात करणाऱ्याचं काय, हे नाही.

मी चाळीसेक मॅच हरल्यावर एक गोष्ट दिसली. भाचा ड्राइव्ह इम्पॅक्टच्या आधी अर्धं पाऊल मागे सरकतो. ही त्याची रॅकवरची बॅग. पुढच्या रविवारी मी बाकी सगळं सोडून फक्त त्या अर्ध्या पावलाकडे बघत बसलो. उड्या, लाथा, गोळे मुकाट खाल्ले. पाऊल मागे गेलं, मी बटण दाबलं, तोच भिंतीवर आपटला. त्याने माझ्याकडे बघितलं. "काका, परत."

परत खेळलो. पाऊल मागे गेलं, मी बटण दाबलं. त्याने वार केलाच नव्हता. ड्राइव्ह इम्पॅक्ट एकदोन ठोसे सोसतो, पण पकड सोसत नाही, आणि पकडीला पाच फ्रेम लागतात.