फ्लूची साथ आणि लसकंपन्यांचे शेअर (नाशिक)

फ्लूची साथ पसरू लागली की लस बनवणाऱ्या, किंवा बनवतील अशी आशा वाटणाऱ्या, कंपन्यांचे शेअर घेण्याचा प्रघात. साथ मोठी म्हणजे लशीला मागणी, मागणी म्हणजे नफा आणि नफा म्हणजे शेअरचा भाव वर, असा त्यामागचा हिशेब असतो. तो बहुतेक वेळा चुकतो. लशीची बातमी, प्रत्यक्ष लस आणि लशीचे पैसे या तीन गोष्टी महिन्यामहिन्यांच्या अंतराने येतात, आणि पुष्कळदा वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाट्याला जातात. बातमीच्या दिवशी शेअर घेणारा माणूस या अंतराची किंमत स्वतःच्या खिशातून भरतो.

नाशिकसाठी हा विषय वेगळा नोंदवावा लागतो, कारण इथे औषधाचा धंदा घराजवळ आहे. अंबड आणि सातपूरला शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या औषध कंपन्यांचे कारखाने आहेत. शहराच्या मध्यावर गोळे कॉलनीत औषधांची घाऊक बाजारपेठ आहे, म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. घरात, शेजारात कोणीतरी एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) असतो, कोणी केमिस्ट, कोणी एमआयडीसीत पाळीवर. साथीच्या बातम्या सुरू झाल्या की अशा शहरात 'आपल्याला आतलं कळतं' ही भावना लवकर रुजते.

२००९चा अनुभव

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत नवा एच१एन१ विषाणू सापडला. लोक त्याला स्वाइन फ्लू म्हणू लागले. २७ एप्रिलच्या सोमवारी जगभरचे बाजार उघडले तेव्हा विमान कंपन्या आणि हॉटेलांचे शेअर पडले, फ्लूची औषधे आणि लशी यांच्याशी नाव जोडलेले शेअर चढले. अमेरिकेतली नोव्हावॅक्स ही छोटी कंपनी त्या दिवशी एकदम चर्चेत आली. तिची एकही लस तेव्हा बाजारात नव्हती. तिच्या पहिल्या लशीला परवानगी मिळाली ती २०२१ च्या अखेरीस, आणि तीही वेगळ्याच साथीवरच्या लशीला.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी महासाथ जाहीर केली. ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला हा पहिला बळी. नाशिकहून पुणे जेमतेम दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, आणि शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने निम्म्या घरांचे कोणी ना कोणी तिकडे. त्या आठवड्यात मास्क, टॅमीफ्लू ही फ्लूवरची गोळी आणि 'भारतीय लस कधी येणार' हे तीनच विषय होते.

लस बनवण्याच्या कामात देशातल्या चार कंपन्या होत्या: पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट, हैदराबादची भारत बायोटेक, दिल्लीची पॅनेसिया बायोटेक आणि अहमदाबादची झायडस कॅडिला. पहिली देशी लस झायडसची, ती जून २०१० मध्ये आली. नाकात फवारायची सीरमची नेझोव्हॅक जुलैत आली, भारत बायोटेकची ऑक्टोबरात. दरम्यान सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सनोफीची १५ लाख मात्रांची लस बाहेरून आणली होती. आणि १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले.

या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पुण्यातल्या मृत्यूनंतर घाबरून, किंवा संधी समजून, ज्याने शेअर घेतले त्याला देशी लस बाजारात दिसायला दहा महिने लागले, आणि ती दिसल्यावर दोन महिन्यांत साथच अधिकृतपणे संपली.

अंड्याचा वेळ

उशीर कोणाच्या आळसामुळे झाला नाही. फ्लूची लस परंपरेने कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. सिन्नर-निफाडकडच्या पोल्ट्रीवाल्यांना हे सांगितले की ते आधी विचारतात, कोणते अंडे? प्रश्न अगदी योग्य आहे. खाण्याच्या अंड्यात गर्भ नसतो, त्याचा इथे उपयोग नाही. लशीला फलित अंडे लागते, नऊ ते अकरा दिवस उबवलेले. अंधारात दिव्यासमोर धरले की आत शिरांचे लालसर जाळे आणि हलणारा ठिपका दिसतो. जाळे दिसले नाही तर ते अंडे बाजूला. जे टिकते त्याच्या टोकाला बारीक भोक पाडून विषाणू सोडतात, भोक बंद करतात आणि अंडे पुन्हा उबेत ठेवतात. दोन-तीन दिवसांनी ते थंड करून आतला द्रव काढतात. मारलेल्या विषाणूची लस असेल तर एका मात्रेला साधारण एक-दोन अंडी. म्हणजे एक कोटी मात्रांना किमान कोटभर अंडी, तीही खास सांभाळलेल्या कळपांची आणि महिनोन्‌महिने आधी मागणी नोंदवलेली. त्यात २००९चा विषाणू सुरुवातीला अंड्यात अपेक्षेपेक्षा कमी वाढत होता. सीरमने नाकातल्या जिवंत लशीची वाट धरली त्यामागे हेही एक कारण आहे, कारण त्या पद्धतीत एका अंड्यातून कितीतरी जास्त मात्रा निघतात.

विषाणू हाती आल्यापासून लस बाहेर पडेपर्यंत पाच-सहा महिने धरावेच लागतात. त्यावर चाचण्या, परवानगी, बॅचची तपासणी. शेअरचा भाव मात्र बातमीनंतर पाच मिनिटांत हलतो.

अंड्याच्या धंद्याला साथीची दुसरी बाजूही ठाऊक आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. नवापूर नाशिक महसूल विभागातच येते. लाखो पक्षी मारावे लागले, देशभर चिकनचे भाव कोसळले. त्या वेळीही लशीच्या शेअरची चर्चा झाली होती. माणसांत ती साथ पसरली नाही.

कोणती कंपनी?

या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. सीरम इन्स्टिट्यूट शेअर बाजारात नाही. भारत बायोटेक नाही. हैदराबादचीच बायॉलॉजिकल ई नाही. इंडियन इम्युनोलॉजिकल्स राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मालकीची आहे, परळची हाफकिन राज्य सरकारची. म्हणजे देशाला लशी पुरवणाऱ्या बहुतेक मोठ्या नावांचा शेअर सामान्य माणसाला डिमॅट खात्यातून घेताच येत नाही. वरच्या चार कंपन्यांपैकी बाजारात होत्या दोनच, झायडस आणि पॅनेसिया. झायडसच्या एकूण धंद्यात लशीचा वाटा लहान, त्यामुळे लस चालली तरी ताळेबंद फारसा हलत नाही. पॅनेसियाचे उलट: लशींवर मोठी भिस्त, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या काही लशी पूर्वपात्रतेच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी घेण्याजोग्या लशींच्या, यादीतून काढल्या तेव्हा कंपनीला जबर फटका बसला.

खरी लस ज्या दुकानात मिळते त्या दुकानाचा शेअर नाही, मग लोक शेजारच्या दुकानाचा घेतात. नावांचा गोंधळ इथे सुरू होतो. कॅडिला फार्मास्युटिकल्स आणि कॅडिला हेल्थकेअर या १९९५ मध्ये वेगळ्या झालेल्या दोन कंपन्या. पहिलीही फ्लूची लस बनवते, पण बाजारात नोंदलेली आहे ती दुसरी, जी २०२२ पासून झायडस लाइफसायन्सेस म्हणून ओळखली जाते. याहून बोलके उदाहरण कोविडच्या काळातले. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी लोक वणवण करत होते, तेव्हा बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा शेअर दिवसामागून दिवस वरच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसातल्या वाढीच्या कमाल मर्यादेला, लागत होता. तिने वायूचा धंदा ऑगस्ट २०१९ मध्येच बंद केला होता. उरले होते ते फक्त नावातले ऑक्सिजन.

अंबड आणि सातपूर

नाशिककरांची फसगत अशाच शेजारामुळे होऊ शकते. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचा कारखाना अंबडला आहे, आणि २००९ मध्ये जगातल्या मोठ्या महासाथ-लशींपैकी एक याच नावाच्या कंपनीची होती. पण ती पॅन्डेमरिक्स लस जर्मनीत ड्रेस्डेनला बनली. ती बनवणारी कंपनी लंडनच्या बाजारात नोंदलेली, आणि मुंबईच्या बाजारात जिचा शेअर मिळतो ती भारतीय कंपनी वेगळी. युरोपातल्या लशीची कमाई या भारतीय ताळेबंदात उतरत नाही.

ग्लेनमार्कचा कारखाना सातपूरला. जून २०२० मध्ये या कंपनीने फॅविपिराविर ही मूळची जपानी फ्लूची गोळी कोविडसाठी फॅबीफ्लू नावाने आणली. पुढच्या सोमवारी, २२ जूनला, शेअर एका दिवसात सुमारे २७ टक्के वाढला. ही लस नव्हे, औषध. पण धडा तोच. गोळी सातपूरला नव्हे, हिमाचलातल्या बद्दीला बनत होती, आणि १०३ रुपयांची गोळी महिन्याभरात ७५ रुपयांवर आली. कारखान्याच्या गेटवर टेम्पोंची रांग वाढली की नाही, यावरून शेअरचा अंदाज बांधणाऱ्या नाशिककराला यातले काहीच दिसले नसते.

गिऱ्हाईक एकच, सरकार

महासाथीच्या लशीचे मुख्य गिऱ्हाईक सरकार असते. भाव तेच ठरवते, मागणीही तेच रद्द करते. फ्रान्सने २००९ मध्ये ९ कोटी ४० लाख मात्रा मागवल्या होत्या. एकच मात्रा पुरते असे दिसल्यावर आणि लोकांचा उत्साह ओसरल्यावर जानेवारी २०१० मध्ये त्यातल्या ५ कोटी रद्द केल्या. जर्मनीने ५ कोटींवरून ३ कोटी ४० लाखांवर आणल्या. आपल्याकडे २०२१ मध्ये सीरमच्या कोव्हिशील्डची मात्रा खासगी रुग्णालयात कर आणि सेवाशुल्क धरून ७८० रुपयांपर्यंत गेली, आणि एप्रिल २०२२ मध्ये सरकारशी चर्चा करून कंपनीने रुग्णालयांसाठीचा भाव ६०० रुपयांवरून २२५ रुपयांवर आणला.

लासलगावचा बाजार पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कांदा तेजीत आला की चाळीत माल असलेला शेतकरी हिशेब मांडतो, आणि तेवढ्यात ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क येते, डिसेंबरात निर्यातबंदी. जीवनावश्यक वस्तूची तेजी सरकार फार काळ चालू देत नाही. लस तर कांद्याहून अधिक जीवनावश्यक, आणि या नोंदकर्त्याच्या मते तिच्या भावावर सरकारचा हात असणे योग्यच आहे. शेअर घेणाऱ्याने मात्र तो हात आधीच हिशेबात धरायला हवा.

अमेरिकेत १९७६ मध्ये फोर्ट डिक्स छावणीत स्वाइन फ्लू सापडला. सगळ्या देशाला लस द्यायचे ठरले. विमा कंपन्यांनी जबाबदारी घ्यायला नकार दिला, तेव्हा नुकसानभरपाईचा भार सरकारने कायदा करून स्वतःवर घेतला आणि मगच लसीकरण सुरू झाले. चार कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली, काहींना गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार झाला आणि डिसेंबरात मोहीम थांबवली. साथ आलीच नाही.

सर्किटची स्क्रीन

बातमी फुटते त्या सकाळी ब्रोकरच्या ऑफिसात, किंवा आता हातातल्या मोबाइलवर, दिसते ते असे: खरेदीच्या बाजूला लाखो शेअरची मागणी, विक्रीच्या बाजूला शून्य. शेअर वरच्या सर्किटला. एका दिवसात भाव २, ५, १० किंवा २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये म्हणून बाजाराने घातलेली ही मर्यादा. ज्या शेअरमध्ये वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) चालतात त्यांना अशी ठरावीक मर्यादा नसते, म्हणून ग्लेनमार्क एका दिवसात तेवढा वाढू शकला. छोट्या शेअरमध्ये दोन-चार दिवस कोणालाच माल मिळत नाही. ज्या दिवशी मिळतो, त्या दिवशी विकणारा तो असतो ज्याने बातमीच्या आधी घेतले होते. मग भाव फिरतो, खालचे सर्किट लागते, आणि आता विक्रीच्या बाजूला लाखोंची रांग आणि खरेदीला शून्य. स्टॉप लॉस (भाव ठरावीक पातळीपर्यंत पडला की आपोआप विकण्याची सूचना) लावलेला असला तरी घेणाराच नाही तर सौदा होत नाही. 'अडकलो' हा शब्द नाशिकच्या शेअरवाल्यांच्या तोंडी येतो तो या स्थितीसाठी. पुढची चूक म्हणजे ॲव्हरेज करणे: पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी खाली आणायची. लशीच्या शेअरमध्ये हे फार घातक, कारण साथ संपली की मागणी परत येण्याचे कारणच उरत नाही.

मोठ्या, खरोखर यशस्वी झालेल्या कंपन्यांतही हेच दिसते. मॉडर्नाची लस चालली, कोट्यवधींना मिळाली. तिचा शेअर ऑगस्ट २०२१ मध्ये ४८० डॉलरच्या वर होता आणि २०२४ संपताना चाळिशीत. नोव्हावॅक्स फेब्रुवारी २०२१ मध्ये ३०० डॉलरच्या पुढे गेली, २०२३ मध्ये १० डॉलरच्या खाली आली.

तपासायचे ते कुठे

कंपनीने शेअर बाजाराला दिलेले निवेदन मुंबई शेअर बाजार आणि एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही फुकट वाचता येते. 'लशीवर काम सुरू', 'चाचणीला परवानगी', 'वापराला परवानगी' आणि 'खरेदीचा करार' या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. वृत्तवाहिनी चारही एकाच आवाजात सांगते. झायडसच्या डीएनए लशीला २० ऑगस्ट २०२१ रोजी वापराची परवानगी मिळाली आणि ती जगातली तशी पहिली लस ठरली; सरकारची मागणी आली एक कोटी मात्रांची. वार्षिक अहवालात लशीचा वाटा किती, हे पाहायला अर्धा तास लागतो. व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर टिप देणारा सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदलेला सल्लागार आहे का, हेही सेबीच्या यादीत पाहता येते. वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर लागतो. तोट्याचा शेअर विकून मोकळे होणाऱ्यांनी तो तोटा विवरणपत्रात दाखवला तर पुढच्या आठ वर्षांच्या नफ्यातून वळता करता येतो. पुष्कळजण लाजेने किंवा माहिती नसल्याने दाखवत नाहीत.

साथ नसतानाही फ्लूच्या लशीचा धंदा चालू असतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते. पावसाळ्याच्या तोंडावर घाऊक बाजारात थर्माकोलची खोकी येतात. आत जेलचे गार पुडे आणि त्यांच्यामध्ये सिरिंजा, २ ते ८ अंश तापमानात. खोक्यावर वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो. पुढच्या हंगामाची लस आली की मागच्या वर्षाची उरलेली खोकी विकता येत नाहीत. ती मुदतबाह्य मालात जातात.