‘संशोधनातून सिद्ध’ या शब्दांमागचा इतिहास

‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’ हे वाक्य वर्तमानपत्रात, औषधाच्या जाहिरातीत आणि सकाळी मोबाइलवर येणाऱ्या संदेशांत इतक्या सहजपणे वापरले जाते, की त्यातील ‘सिद्ध’ या शब्दाने नेमके काय सांगितले, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. नाशिकमध्ये संख्याशास्त्र शिकवताना आणि पीएच.डी. करणाऱ्यांच्या माहितीची आकडेमोड तपासताना या शब्दाशी माझी रोजची गाठ पडते. गेल्या दीड दशकात मानसशास्त्र, वैद्यक आणि संगणकशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पुन्हा तपासण्याची जी मोहीम सुरू झाली, ती अचानक उद्भवलेली नाही. तिची मुळे जुनी आहेत आणि त्यातले एक मूळ तर थेट शेतात आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या एका परिचित द्राक्ष बागायतदारांची पद्धत त्यासाठी सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी नवे औषध बाजारात आले, की ते सगळ्या बागेवर मारत नाहीत. बागेच्या वेगवेगळ्या भागांतल्या काही ओळींवर नवे औषध मारतात आणि शेजारच्या ओळींवर नेहमीचे. फरक दिसला तरी लगेच विश्वास ठेवत नाहीत. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सर, एका सीझनवर कसा भरवसा ठेवायचा? गेल्या वर्षी पाऊसच कमी होता, डाऊनी आलीच नाही. मग काम औषधानं केलं का पावसानं?”

हाच प्रश्न संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना पडला होता. ते १९१९ मध्ये इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. तिथे खतांच्या प्रयोगांच्या कित्येक दशकांच्या नोंदी साठलेल्या होत्या आणि त्यांतून निष्कर्ष काढण्याची खात्रीशीर रीत नव्हती. जमिनीचा कस एकाच शेतात जागोजागी बदलतो, म्हणून कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि तोच उपचार अनेक वाफ्यांवर पुन्हा करून पाहावा, ही शिस्त त्यांनी घालून दिली. १९२५ मध्ये त्यांचे संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक आले आणि पाच टक्क्यांची मर्यादा जगभर पोहोचली. तिचा अर्थ साधा आहे. औषधाचा काहीच परिणाम नसेल, तर केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता वीसात एक किंवा त्याहून कमी असावी. याचाच दुसरा अर्थ असा, की निरुपयोगी अशी वीस औषधे तपासली, तर सरासरी एक औषध ‘गुणकारी’ ठरेल.

फिशर यांना हे पुरते ठाऊक होते. १९२६ च्या लेखात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे, की नीट आखलेला प्रयोग या पातळीचा निकाल द्यायला क्वचितच चुकतो, असे दिसेल तेव्हाच ती गोष्ट प्रयोगाने प्रस्थापित झाली असे मानावे. म्हणजे पाच टक्के ही दार ठोठावण्याची परवानगी होती. घरात प्रवेश वारंवार तोच निकाल आल्यावर मिळायचा होता. पुढच्या पिढ्यांनी मर्यादा तेवढी उचलली आणि ‘वारंवार’ ही अट शेतातच राहिली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली गळती हीच आहे.

फेरतपासणीचा आग्रह फिशर यांच्याही आधीचा आहे. लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेने ‘कोणाच्याही शब्दावर विसंबू नका’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद स्वीकारले. तिचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी १६६५ मध्ये तिचे नियतकालिक सुरू केले आणि रॉबर्ट बॉइल यांच्यासारखे संशोधक आपले प्रयोग बारीकसारीक तपशिलासह लिहू लागले. वाचणाऱ्याला तो प्रयोग स्वतः करता यावा, निदान डोळ्यांसमोर उभा करता यावा, हा त्यामागचा हेतू होता. छापण्यापूर्वी बाहेरच्या तज्ज्ञांकडून लेख तपासून घेण्याची पद्धत मात्र आपण समजतो तेवढी जुनी नाही. ‘नेचर’सारख्या साप्ताहिकानेही ती नियमाने १९७३ पासूनच अंगीकारली. शिवाय परीक्षक लेख वाचतो, प्रयोग पुन्हा करून पाहत नाही, हा फरक ‘तज्ज्ञांनी तपासलेले संशोधन’ असे म्हणताना सहज विसरला जातो.

धोक्याच्या सूचना बऱ्याच आधी मिळाल्या होत्या. जेकब कोहेन यांनी १९६२ मध्ये मानसशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकातले अभ्यास तपासून दाखवले, की मध्यम आकाराचा परिणाम खरोखर अस्तित्वात असला, तरी तो पकडण्याची त्या अभ्यासांची शक्यता सरासरी निम्म्याच्या आसपास होती, इतके त्यांचे नमुने लहान होते. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ मध्ये खणाची उपमा वापरली: जमलेले प्रयोग छापले जातात, न जमलेले संशोधकाच्या टेबलाच्या खणात पडून राहतात आणि वाचकाला फक्त पहिलेच दिसतात. २००५ मध्ये जॉन इओनिडिस यांनी बहुसंख्य प्रसिद्ध निष्कर्ष चुकीचे का असू शकतात, याचे गणित मांडले आणि वैद्यकात खळबळ उडाली.

खरे वळण २०११ मध्ये आले. मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी, माणसाला भविष्यातील घटनांची चाहूल लागते असे सुचवणारे नऊ प्रयोग एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केले. रूढ मोजपट्टीवर ते उत्तीर्ण होते. ब्रिटनमधील संशोधकांनी त्यातला एक प्रयोग तीन ठिकाणी करून पाहिला आणि त्यांना काहीच आढळले नाही. मात्र ‘आम्ही फेरप्रयोग छापत नाही’ या कारणावरून त्याच नियतकालिकाने त्यांचा लेख नाकारला. त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन या तिघांनी, एक विशिष्ट गाणे ऐकल्याने माणसाचे वय जवळपास दीड वर्षाने कमी होते, असा निकाल सर्वमान्य पद्धतींनीच ‘सिद्ध’ करून दाखवला. त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. किती माणसे घ्यायची, कोणते घटक जमेस धरायचे, कोणती तुलना सांगायची आणि कोणती गाळायची, हे माहिती हाती आल्यावर ठरवले, एवढेच. अशा चार सवलती एकत्र घेतल्या, तर चुकीचा निकाल येण्याची शक्यता पाच टक्क्यांवरून साठ टक्क्यांच्या वर जाते, हे त्यांनी आकड्यांनी मांडले.

माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘सर, पी-व्हॅल्यू किती आली?’ हा असतो (पी-व्हॅल्यू म्हणजे काहीच परिणाम नसताना केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) आणि ती ०.०७, म्हणजे पाच टक्क्यांच्या मर्यादेबाहेर आली, तर दुसरा प्रश्न ‘दोन-तीन फॉर्म काढून टाकले तर?’ हा असतो. या मुलांना लबाडी करायची नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती होती. २०२२ च्या नियमावलीने ती काढली. पण ‘पेपर निघाला पाहिजे’ हा दबाव अजून गेलेला नाही, आणि नकारात्मक निकालाचा पेपर निघत नाही, हे प्रत्येक गाईडला माहीत असते.

२०१५ मध्ये ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थक, म्हणजे पाच टक्क्यांच्या मर्यादेत बसणारे होते. फेरप्रयोगांत ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. लहान मुलांपुढे गोड पदार्थ ठेवून त्यांचा संयम जोखणाऱ्या, पालकसभांमध्ये आजही सांगितल्या जाणाऱ्या वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगाचीही २०१८ मध्ये सुमारे ९०० मुलांच्या माहितीवर फेरतपासणी झाली. संयम आणि पुढचे शैक्षणिक यश यांचा संबंध मूळ दाव्याच्या निम्माच निघाला आणि घरची परिस्थिती व मुलाची आधीची आकलनक्षमता विचारात घेतल्यावर तोही बराच ओसरला.

प्रयोगशाळेतील विज्ञानही सुटले नाही. ॲम्जेन या औषध कंपनीच्या संशोधकांनी कर्करोगावरील ५३ महत्त्वाचे अभ्यास पडताळले, तेव्हा केवळ ६ जुळले, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. भौतिकशास्त्रात दावा आणि पडताळणी यांतले अंतर तुलनेने कमी असते. न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगवान असल्याचे २०११ मध्ये मोजले गेले, तेव्हा त्या गटाने स्वतःच इतरांना चूक शोधण्याचे आवाहन केले आणि काही महिन्यांतच सैल राहिलेली ऑप्टिकल फायबरची जोडणी सापडली.

संगणकात तोच प्रोग्राम तेच उत्तर देतो, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात यांत्रिक शिक्षणाच्या (मशीन लर्निंग, म्हणजे माहितीवरून संगणकाला शिकवण्याच्या) प्रयोगात सुरुवातीचा यादृच्छिक आकडा बदलला, तरी निकाल लक्षणीय बदलू शकतो. प्रतिमा ओळखणाऱ्या प्रणालींसाठी २०१९ मध्ये जुन्याच कृतीने नवा चाचणीसंच बनवला, तेव्हा त्यांची अचूकता ११ ते १४ टक्क्यांनी घसरली. याहून गंभीर दोष आपल्याकडे एका शब्दात सांगता येतो: पेपरफुटी. चाचणीसाठी राखलेली माहिती शिकवणीच्या माहितीत मिसळली, की प्रणालीला उत्तरे आधीच कळलेली असतात. सयश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये दाखवले, की ही चूक १७ संशोधनक्षेत्रांत पसरलेली आहे. न्यूरिप्स या यांत्रिक शिक्षणावरच्या मोठ्या परिषदेने २०१९ पासून कोड, माहिती आणि चाचण्यांच्या तपशिलाची तपासणी-यादी मागायला सुरुवात केली.

उपाय म्हणून आलेली मुख्य गोष्ट पूर्वनोंदणीची. काय मोजणार आणि कसे मोजणार, हे माहिती गोळा करण्यापूर्वीच जाहीर करायचे. मानसशास्त्रात ही पद्धत रुजवायला २०१३ नंतर वेग आला, पण वैद्यकात ती आधीच होती. भारताची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे रुग्णांवरील चाचण्यांची नोंदवही, जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. पूर्वनोंदणीने सगळे सुटते असेही नाही. काटेकोर पद्धती वापरल्यास फेरप्रयोगाचे यश खूप वाढते, असे सांगणारा २०२३ मधला एक गाजलेला लेख सप्टेंबर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. त्यातील विश्लेषणे आधी ठरवलेली होती, हा दावाच टिकला नाही.

दिंडोरी रोडवरच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत एम.डी. करणारे विद्यार्थी आकडेमोडीसाठी येतात, तेव्हा मी आधी रजिस्ट्रीचे पान उघडायला सांगतो. चाचणीच्या क्रमांकाशेजारी नोंदणीची तारीख असते आणि नोंदणी आधी झाली की मागाहून, हेही तिथेच लिहिलेले असते. त्याखाली मुख्य निकाल म्हणून काय मोजायचे ठरले होते, ती ओळ असते. ती ओळ आणि प्रबंधातला तक्ता आम्ही शेजारी शेजारी ठेवतो. दोन्ही जुळले, तरच पी-व्हॅल्यूची चौकट उघडतो.